जाईचं गाणं कोणाच्या आवाजात?

आमच्या मंडळाच्या पहिल्या मीटिंगला मला एक नियम सांगण्यात आला. जुन्या गाण्यातला एकही शब्द बदलायचा नाही, आणि का, ते विचारायचं नाही.

नियम सांगणारे होते नेनेकाका. मंडळाचे अध्यक्ष, गॅस कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि माझ्या बाबांना सोळा वर्षांपूर्वी पुण्याहून दोह्याला आणणारे. त्यामुळे आमच्या घरात नेनेकाकांचं वाक्य कोणी मध्ये तोडत नाही. मी तोडते. मग दोन दिवस बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

परदेशात चार मराठी माणसं जमली की समिती होते, आणि समिती झाली की किस्से साचत जातात, एसीच्या फिल्टरमध्ये धूळ साचते तसे. मी या समितीत जेमतेम पाच महिने होते. तेवढ्यात साचले ते हे.

प्रकरण असं, की वार्षिक कार्यक्रमासाठी मंडळाला सात मिनिटांची अॅनिमेशन फिल्म हवी होती. इथली मुलं मराठी समजतात, पण उत्तर इंग्रजीत देतात. त्यांना आपली नायिका दिसावी, आपलं पारंपरिक गाणं कानावर पडावं, असा ठराव झाला. अॅनिमेशन येणारी मंडळात मी एकटी. अल रय्यानमध्ये एका जाहिरातीच्या ऑफिसात मी दिवसभर दुधाच्या बाटल्यांना नाचवते. नायिका करायला मिळते म्हटल्यावर मी लगेच हो म्हणाले. हीच चूक.

*

नायिकेचं नाव जाई. वय वर्षं नऊ. मी तिला फ्रॉक घातला होता. समितीने स्केच पाहिलं आणि खोलीत एखादं वाईट बातमीचं पत्र फिरावं तसं ते फिरलं.

“नऊवारी कुठंय?” नेनेकाका म्हणाले. “आणि नथ?”

“काका, ती नऊ वर्षांची आहे. आणि तिला सात मिनिटांत चार वेळा पळायचंय. नऊवारीत पळता येतं का?”

यावर वसुधाकाकू उठल्या. वसुधाकाकू म्हणजे नेनेकाकूच. वय साठ, शास्त्रीय गाणं शिकलेल्या, आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. मीटिंग त्यांच्याच घरी होती. त्या आत गेल्या, दहा मिनिटांनी नऊवारी नेसून आल्या, मागचं दार उघडलं आणि अबू हमूरमधल्या त्यांच्या कंपाउंडमध्ये, भर दुपारी, पार्क केलेल्या गाड्यांच्या रांगेला एक पूर्ण फेरी मारून परत आल्या. धावत. शेजारचा लेबनीज माणूस गाडी पुसता पुसता थांबला.

“येतं,” त्या म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

मी गुपचूप मोबाइलवर शूट करून घेतलं होतं. जाई फिल्ममध्ये पळते ती वसुधाकाकूंसारखी पळते. डाव्या हाताने ओचा धरून, हनुवटी वर. नथीवर मात्र मी अडून राहिले. शेवटी तिचे कान टोचायचे यावर तडजोड झाली.

*

मग गाणं शोधायची मोहीम निघाली.

“गाण्यांना काय तोटा आहे?” नेनेकाका म्हणाले. “घराघरात आहेत.”

पुढच्या शुक्रवारी घराघरातल्या अकरा बायका आल्या. प्रत्येकीला गाणं येत होतं. प्रत्येकीला पहिल्या दोनच ओळी येत होत्या. तिसऱ्या ओळीपासून सगळ्यांचं एकच गाणं सुरू व्हायचं, “ना ना ना, पुढे काहीतरी आहे.” मग सगळ्या एकदम फोन बाहेर काढायच्या. एकीने तर गावी बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. बहीण म्हणाली, “अगं, मी तुलाच विचारणार होते.”

शब्दच आठवत नाहीत, तर बदलायचे कसे? हे मी मोठ्याने बोलले. बाबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

गाणं मला मिळालं ते आईचा ब्लाउज आणायला गेले तेव्हा. बिन महमूदमध्ये एका जुन्या इमारतीत नफिसाखाला राहतात. रत्नागिरीकडच्या. मंडळातल्या झाडून सगळ्या काकूंचे ब्लाउज त्याच शिवतात. दारात चपला काढत होते तर आतून मशीनचा आवाज आणि त्यावर गाणं:

*आगबोट गेली दर्याच्या पार,*
*माज्या बापाची वाट बघतंय दार.*
*हलद लावा गो सदऱ्याच्या बाहीला,*
*बाप नाय माजा माज्या हलदीला.*

पुढे आणखी नऊ कडवी. सगळी पाठ.

खाला म्हणाल्या, त्यांच्याकडे बाप जहाजावर किंवा आखातात असला, की लग्नात त्याचा सदरा खुंटीला टांगतात. आधी हळद सदऱ्याच्या बाहीला लावायची, मग नवरीला. खालांच्या वेळी त्यांचा बाप कुवेतला होता. त्यांच्या मुलीच्या वेळी खालांचा नवरा, इब्राहिमचाचा, इथे दोह्यात.

“दोन हलदी झाल्या, बाय, दोनय वेळा सदराच उबा होता,” असं म्हणून त्यांनी सुई ओवली.

अकरा काकू इतकी वर्षं त्या दारात येत होत्या. मापं देऊन जात होत्या.

*

रेकॉर्डिंगचा किस्सा.

मी ऑफिसातला चांगला माइक घेऊन गेले. एसी बंद केला, खिडक्या लावल्या, पडद्यांवर रजया टाकल्या. बाहेर बेचाळीस डिग्री. खालांना खुर्चीत बसवलं. त्यांनी तोंड उघडलं आणि गाणं येईना. पहिली ओळसुद्धा नाही.

“पाय हलत नाय,” त्या म्हणाल्या.

म्हणजे पाय मशीनवर असल्याशिवाय गाणं येत नाही. मग मशीन पुढे ओढलं, खाली एक रद्दी कापड दिलं, आणि त्यांनी अकरा मीटर सरळ शिलाई मारत सगळं गाणं सलग गायलं. मध्ये दोरा तुटला तिथे गाणंही तुटलं. दोरा ओवला, पुढची ओळ. मशीनचा आवाज मी काढला नाही. जाई त्याच ठेक्यावर चालते.

निघताना इब्राहिमचाचांनी सरबत दिलं. ते एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होते, एकोणतीस वर्षं. नोकरी संपली होती. कार्यक्रम दोन महिन्यांनी, शुक्रवारी, आणि यांचं कायमचं परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी, शनिवारी.

खाला म्हणाल्या, “त्या मोठ्या पडद्यावर माजा आवाज येल? नाव पन येल?”

“येणार,” मी म्हणाले.

समितीला मी अजून काहीच सांगितलं नव्हतं. हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं.

*

गाणं आल्यावर गोष्टच बदलली. आधीच्या गोष्टीत जाई दोह्याहून गावी जाते, आजीकडून संस्कार घेते आणि परत येते. ती लिहिताना मलाच झोप येत होती.

जाईला आवाज देत होती आर्या, नेनेकाकांची नात. आठ वर्षांची. तिला मी गाणं ऐकवलं, सदऱ्याचं सांगितलं.

“व्हाय डिडन्ट दे जस्ट व्हिडिओ कॉल हिम?”

“तेव्हा फोन नव्हते.”

तिने विचार केला. “देन शी शुड टेक द शर्ट टू हिम.”

झालं. गोष्ट मिळाली. जाईच्या मोठ्या बहिणीची हळद आहे. बाप समुद्रापार. सगळ्या बायका सदऱ्याला हळद लावून मोकळ्या होतात. जाईला ते पटत नाही. ती हळद लागलेला सदरा खुंटीवरून काढते आणि बापाला नेऊन द्यायला निघते. प्रत्येक कडव्याला एक ठिकाण: बंदर, बोट, वाळू, उंच इमारतींचं शहर. गाणं संपतं तिथे ती पोचते.

त्या आठवड्यात वसुधाकाकूंचा फोन आला. आर्याचा बाबा समुद्रातल्या तेलाच्या रिगवर असतो, चार आठवडे तिकडे, चार आठवडे घरी. आर्याने त्याचा एक शर्ट जेवणाच्या टेबलाशी त्याच्या खुर्चीवर घातला होता आणि बाहीला वरणातली हळद लागली होती.

“डाग जात नाहीये,” काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, “मी काढायचा प्रयत्नही फारसा केला नाही.”

*

पंधरा दिवस उरले असताना मी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वीस सेकंदांची झलक टाकली. जाई, बंदर, गाण्याची दोन कडवी.

पहिली दहा मिनिटं टाळ्यांचे हात. मग एकाने लिहिलं, “छान. पण ही भाषा कुठली?” दुसऱ्याने लिहिलं, “गायिका कोण?” मी नाव लिहिलं. त्यानंतर ग्रुपवर कोणीच काही लिहिलं नाही. दीडशे माणसांचा ग्रुप. एरवी पालक कुठे ताजा मिळाला यावर चाळीस मेसेज येतात.

संध्याकाळी नेनेकाकांचा फोन.

“मुग्धा, चित्रं उत्तम. चालही ठेव. शब्द तेवढे शुद्ध करू आणि वसुधा गाईल. बाप वगैरे कानाला बरं वाटत नाही. ‘माझ्या पित्याची वाट पाहते द्वार.’ कसं वाटतं?”

मी ती ओळ कागदावर लिहून पाहिली.

“आणि शर्टाला हळद म्हणजे लोक हसतील. त्याऐवजी पादुका दाखव.”

“काका, तो नोकरीला गेलाय. वनवासाला नाही.”

“चेष्टा पुरे.”

“काका, जुन्या गाण्यातला शब्द बदलायचा नाही, हे तुम्हीच सांगितलंत.”

“अगं, ते आपल्या गाण्यांबद्दल,” नेनेकाका म्हणाले.

अगदी सहज म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं.

*

त्या पंधरा दिवसांचे किस्से कमी आणि फोन जास्त आहेत.

खाला रोज फोन करायच्या. “बाय, हॉलात एसी जोरात असतो काय गो? शाल घेऊ?” दुसऱ्या दिवशी, “पुढं बसवतील की मागं?” तिसऱ्या दिवशी, “नवा ड्रेस शिवतंय. निळा. पडद्यावर निळा हाय ना दर्या?” मी प्रत्येकाला उत्तर देत होते. पुढे बसा. शाल घ्या. निळाच आहे. नेनेकाकांचं म्हणणं मात्र सांगत नव्हते.

घरात बाबा वेगळेच. ते कधीच ओरडत नाहीत, ते पेपरची घडी घालतात. तीनदा घडी घालून म्हणाले, “नेनेसाहेबांनी मला इथे आणलं.”

“माहितीये, बाबा.”

“त्यांनी आणलं नसतं तर तू हे कार्टून करायला इथे नसतीस.”

“अॅनिमेशन.”

“तेच ते. जरा अॅडजस्ट कर. खालांना शाल-श्रीफळ देऊ, पुढच्या रांगेत बसवू. त्यांना काय कळणार आहे?”

“बाबा, स्वतःचा आवाज नाहीये हे माणसाला कळतं.”

त्यांनी पेपरची चौथी घडी घातली. पेपरची चौथी घडी नीट होत नाही.

*

वसुधाकाकूंचं रेकॉर्डिंगही झालं. मी करणार नाही म्हणाले, तर नेनेकाकांनी ओळखीच्या एका ऑफिसात सोय केली. मला नुसतं बटण दाबायला बोलावलं होतं.

काकू गायल्या. सूर असा की कुठे बोट ठेवायला जागा नाही. पित्याची वाट, द्वार, हळद, सगळं स्वच्छ. नेनेकाकांनी डोळे मिटून मान डोलावली. मग मी ते गाणं चित्रावर चढवून दाखवलं.

जाई पळत होती, पण कुठे जायची घाई असल्यासारखी नाही. स्पर्धेत तिसरी आल्यासारखी.

“परत लाव,” काकू म्हणाल्या. परत लावलं. “आता त्यांचं लाव.”

मी खालांचं लावलं. मशीन, आवाज, मध्ये तुटलेला दोरा. काकू शेवटपर्यंत ऐकत बसल्या. मग पर्स उचलली.

“माझं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पण चांगलं नाही.”

मला वाटलं, सुटले. गाडीपर्यंत जाताना नेनेकाका त्यांना म्हणाले, “तू थकली आहेस. तुझंच ठेवू.” आणि काकू काही न बोलता गाडीत बसल्या. चाळीस वर्षं अशाच बसत आल्या असणार. मला त्या क्षणी नेनेकाकांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

*

शेवटची मीटिंग गुरुवारी संध्याकाळी पाचला, नेनेकाकांच्या दिवाणखान्यात. दुसऱ्या दिवशी चारला कार्यक्रम. समितीचे सगळे मोठे हजर. बाबा दाराजवळच्या खुर्चीत, अर्धे बसलेले, अर्धे उठलेले. टेबलावर चिवडा. माझ्या मुठीत पेन ड्राइव्ह, त्यात फिल्म. एकच प्रत मी आणली होती, खालांच्या आवाजातली.

“हे बघ,” नेनेकाका समजावणीच्या सुरात म्हणाले, “सगळ्यांचा विचार करून ठरवलंय. गाणं वसुधाचं. शेवटच्या नामावलीत ‘पारंपरिक’ एवढंच. लोकगीत कोणा एकाचं नसतं. नफिसाबाईंचा सत्कार आपण करतोच आहोत.”

“त्यांना मी नाव येईल म्हणून सांगितलंय.”

“तू कोणाला विचारून सांगितलंस?”

बाबांनी खाली पाहिलं.

“असं करू,” नेनेकाका म्हणाले, “त्यांनाच विचारू. वसुधा, तुझ्याकडे नंबर असेल.”

काकूंनी फोन लावला. स्पीकरवर ठेवला. मागे टेप ओढल्याचा चर्रर आवाज येत होता. तिकडे परतीची खोकी भरणं चालू होतं. नेनेकाकांनी सगळं नीट सांगितलं, अगदी आदराने, ‘ताई’ म्हणून. गाणं तुमच्याकडूनच आलं, पण मुलांसाठी भाषा जरा सोपी करतोय, माझी पत्नी गाणार आहे, नाव कोणाचंच नसेल, तुमची काही हरकत?

टेपचा आवाज थांबला.

“नाय, साहेब,” खाला म्हणाल्या. “माजी कसली हरकत. तुमचा कार्यक्रम हाय. तुमी म्हणाल तसं.” मग म्हणाल्या, “ती पोरगी हाय काय तिथं? मुग्धा? बाय, तू नको भांडूस माज्यासाठी. मी काय, मी जातंयच.”

खोलीतल्या सगळ्या खांद्यांवरचं ओझं एकदम उतरलं. कोणीतरी चिवड्याची बशी पुढे ओढली. बाबांनी पाठ खुर्चीला टेकली, संध्याकाळपासून पहिल्यांदा.

“चला, प्रश्न मिटला,” नेनेकाका म्हणाले. “त्यांचीही हरकत नाही.” आणि पेन ड्राइव्हसाठी माझ्यापुढे हात केला.

“त्यांची नाही,” मी म्हणाले. “माझी आहे. लागली तर हीच फिल्म लागेल, ह्याच आवाजात, नावासकट. नाहीतर लागणार नाही.”

नेनेकाकांचा हात तसाच पुढे राहिला. बशी जिथे होती तिथे थांबली. वसुधाकाकू माझ्याकडे बघत होत्या. बाबा जमिनीकडे.

फोन कोणी बंद केलाच नव्हता.

“हॅलो?” पलीकडून खालांनी विचारलं. “हाय काय तिथं कोणी?”

“आहे, खाला,” मी म्हणाले आणि पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला.